तिसरा धोटा

माझी पहिली छत्री त्याने आम्ही सहावीत असताना देऊन टाकली. शाळा सुटली होती, बाहेर पाऊस होता आणि मी दप्तराचा पट्टा बांधत होतो. तेवढ्यात त्याने ती खुंटीवरून काढली आणि शिपायाच्या बायकोच्या हातात उघडून दिली. "घेऊन जा वो, आपलीच आहे," म्हणाला. आम्ही दोघे भिजत घरी आलो. मला ताप भरला, त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. आई छत्रीची चौकशी करत होती आणि हा माझ्या उशाशी बसून माझ्यासाठी केलेला शिरा खात होता. "काकू, तिच्या कडेवर लेकरू होतं," एवढंच तो म्हणाला. आईने त्याला आणखी शिरा वाढला.

पुढच्या तीस वर्षांत माझ्या आणखी चार छत्र्या गेल्या. दोन स्वेटर गेले, सायकलचा पंप गेला, मग पंपाच्या मागोमाग सायकल गेली. लग्नात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ एका शाळेत लागलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्याला आवडलं असतं, आणि त्याला आवडेल असं काही करायचं नाही हे मी फार पूर्वीच ठरवलेलं आहे.

तो मूळचा कोंढ्याजवळच्या एका खेड्यातला. घरची धानाची शेती, गावाला तलाव, खाऊनपिऊन बरं. शाळेसाठी तो पवनीला मावशीकडे राहायचा आणि मावशीचं घर आमच्याच गल्लीत होतं. आमची गल्ली विणकरांची. सकाळपासून घराघरातून मागाची खटखट चालायची, आणि त्या आवाजात बोलायचं म्हणून आम्हा सगळ्यांचे आवाज मोठे. दहावीला तो आपटला आणि गावी जाऊन शेती बघू लागला, तरी आठवड्यातून दोनदा सायकल हाणत पवनीला यायचाच. स्वतःचं काम नसायचं. कुणाचं काही अडलंय का, ते बघायला यायचा.

एक गोष्ट कबूल करायला हवी. तो आधी स्वतःचं द्यायचा. पण त्याच्याकडचं लवकर संपायचं आणि मग त्याचा हात माझ्या खुंटीकडे जायचा. त्याचं आणि माझं यांच्यामध्ये काही रेघ असते हे त्याला कधी दिसलंच नाही. मी तणतणलो की तो खरोखर बुचकळ्यात पडायचा. "काहून रागावून राहिला गा? तुह्याजवळ तं दुसरी आहे." दुसरी नसायची. दुसरी त्यानेच मागच्या महिन्यात दिलेली असायची.

वस्तूंवर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण तो मलाही द्यायचा. कुणाला अर्ज लिहून हवा असो, कुणाला सोयरिकीला चार शहाणी माणसं हवी असोत, कुणाच्या घरचं पोतं उचलायचं असो, माझ्याकडे न बघताच तो म्हणायचा, "हा येते ना." एकदा म्हणाला, चाल, भंडाऱ्यात काम आहे, जेवण माह्याकडं. मी सुट्टीच्या दिवशी निमूटपणे गेलो. तो मला घेऊन गेला तो थेट दवाखान्यात. त्याच्या गावची एक बाई बाळंतपणात अडली होती आणि रक्त हवं होतं. तिथे पोचल्यावर त्याने माझी बाही स्वतःच्या हाताने वर केली आणि नर्सबाईंना सांगितलं, "याचं घ्या, धडधाकट आहे."

"तू काहून देत नाही?" मी दात ओठ खात विचारलं.

"माह्यं परवाच घेतलं त्याईनं. आता घेत नाहीत म्हणे."

बाहेर आल्यावर त्याने मला चार केळी दिली. तेच त्याच्याकडचं जेवण. बाई वाचली, पोरगी झाली, आणि पुढे त्या पोरीच्या बारशाला मला बोलावणं आलं तर मला तेव्हाही चीड आली, कारण निरोप आणणारा हाच होता आणि जाताना माझी सायकल घेऊन गेला.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी भंडाऱ्यात एका कचेरीत नव्यानेच कारकून लागलो होतो. गोंदिया वेगळा निघाला आणि तिकडच्या तालुक्यांच्या फायली, कपाटं, टेबलं ट्रकमध्ये भरून न्यायची होती. हा नेमका त्या दिवशी आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी शर्ट काढून हमालांना हात लावू लागला. दुपारी मी साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो तर माझी खुर्ची जागेवर नव्हती.

"त्याईले तिकडं बसाले काही नाही म्हणे," तो घाम पुसत म्हणाला. "भाऊ वेगळा निघाला तं घरातून दोन भांडे देतेतच ना."

साहेब पोट धरून हसले. त्यांची खुर्ची शाबूत होती. मी पुढचे चार महिने स्टुलावर बसून काम केलं, आणि पाठीत कळ आली की मला नवा जिल्हा आठवायचा.

माझी बायको मात्र त्याच्या बाजूची. तिच्या मते मी कद्रू आणि तो देवमाणूस. "भावजी आले का, घर भरल्यावानी वाटते," असं ती म्हणायची. भावजी गेल्यावर घरातलं काय कमी झालंय ते मी मोजत असायचो.

पण हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं आहे. माझ्या वडिलांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडायचा.

बाबा करवती विणायचे. कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं लुगडं, आणि काठाला करवतीसारखे बारीक दात. हे काम एकट्याचं नाही. आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा. अंगाचा एक धोटा आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे लागतात. दोन विणकर स्वतः फेकतो, तिसऱ्यासाठी मागाच्या कडेला दुसऱ्या कुणीतरी बसावं लागतं. घरोघरी तिथे बायको बसते नाहीतर मुलगा. आई गेली तेव्हा तिची जागा रिकामी झाली आणि तिथे मी बसायला हवं होतं. मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा बाबा ओरडले, आणि मी उठलो तो कायमचा. मला टेबल हवं होतं, पंखा हवा होता, महिन्याच्या महिन्याला सही हवी होती. ते सगळं मला मिळालं.

उन्हाळ्यात धानाच्या बांध्या रिकाम्या पडल्या की हा येऊन आईच्या जागी बसायचा. चांगला मिशा पिळणारा बाप्या माणूस, शेतातल्या चिखलाने टाचा फुटलेल्या, आणि तिथे मांडी घालून धोटा फेकत बसलेला. काम त्याला अजिबात यायचं नाही. तोंड सारखं चालू. बोलण्याच्या नादात तिसरा धोटा फेकायचाच राहून जायचा, आणि जिथे तो राहिला तिथे काठाचा एक दात गळायचा. माझ्या हातून असं झालं असतं तर बाबांनी वीतभर कापड उसवायला लावलं असतं. याला काही नाही.

"बाबा, आणखी एक पडला गा," हा कबुली द्यायचा.

"पडू दे," बाबा म्हणायचे. "बुढी झाली ते करवत."

आणि दोघे हसायचे. मी भंडाऱ्याच्या कचेरीतून बसने येऊन दारात बूट काढत ते ऐकायचो. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, असं दातपडकं लुगडं कोण घेईल? बाबांनी मान वर न करता विचारलं, "तू बसतं काय?" मी हातपाय धुवायला निघून गेलो.

बाबांचा दमा बळावला तो पावसाच्या तोंडावर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना तीन आठवडे ठेवावं लागलं. कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर, तरी मी सकाळ संध्याकाळ जाणार. दिवसभर त्यांच्याजवळ हा. ते रोवण्याचे दिवस होते, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायचे. त्या दिवसांत आमच्या भागात माणूस आपल्या बांधीतून पाय बाहेर काढत नाही. मी त्याला जा म्हटलं तर म्हणाला, "शेजारी करून राहिले माह्या रोवणा." शेजारी करणार नाहीत तर काय, माझा सायकलचा पंप त्यांच्याकडेच होता. तो बाबांचे पाय चेपायचा, त्यांना बसतं करायचा, त्यांची घाण काढायचा, आणि गावभरच्या गप्पा सांगून त्यांना हसवून खोकायला लावायचा. शेवटच्या दिवशी बाबांनी एकच हाक मारली. ती त्याच्या नावाची होती. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा हात धरून उभा होतो. मला फार लागलं ते. मी ते कुणाला बोललो नाही, पण मनात ठेवलं.

बाबा गेले तेव्हा मागावर एक करवती होती. बहुतेक विणून झाली होती, पदराकडचा हातभर भाग राहिला होता. मी त्या मागावर चादर टाकली आणि घरात बजावून सांगितलं की याला कुणी हात लावायचा नाही. चार वर्षं ती चादर तशीच होती. बायको म्हणायची, खोलीत उंदीर होतील, कोसा आहे, कुरतडतील. मी महिन्यातून एकदा चादर उचलून बघायचो आणि परत टाकायचो. ते बाबांचं शेवटचं कापड होतं. ते पुरं करायची माझी लायकी नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचा माझा जीव होत नव्हता.

मग वैनगंगेला पूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण नदीकडच्या अंगाला पुष्कळ घरं बसली. तिथे एक विणकर मावशी एकटीच राहायची, आईच्या ओळखीची. तिची भिंत पडली आणि माग वाहून गेला. मी तेव्हा कचेरीच्या प्रशिक्षणाला आठ दिवस नागपूरला होतो. परत आलो तर घरातली मागाची खोली झाडून स्वच्छ. जमिनीत फक्त विणताना पाय सोडायचा खड्डा.

"भावजी आले होते, चार माणसं घेऊन," बायको म्हणाली. "मले वाटलं, तुमाले विचारलं असन."

"आजपर्यंत त्यानं मले कधी काही विचारलं आहे काय?"

मी बॅग दारातच टाकली आणि तडक नदीकडे गेलो. मावशीच्या घराला ताडपत्री लावली होती आणि आत बाबांचा माग उभा होता. हा गुडघाभर चिखलात भिंतीचा गारा मळत होता. कापड कुठे आहे विचारलं तर मावशीने कोपऱ्यातून आणून दाखवलं. विणलेला भाग नीट गुंडाळून ठेवला होता. पण पुढचा ताणा, म्हणजे ज्यांच्यावर उरलेलं विणायचं ते उभे धागे, मधोमध कापलेला होता. कुणीही विणकराने धागे ओवलेल्या फणीसकट सगळं गुंडाळून उचललं असतं. याने धान कापावं तसा मुठीत धरून विळ्याने कापला होता.

"घाई होती गा," तो म्हणाला. "आभाळ भरून राहिलं होतं. बैलबंडी दारात उभी होती. तिचा माग गेला, अन् आपला तं रिकामाच होता."

"रिकामा? त्याच्यावर बाबांचं लुगडं होतं."

"म्हणूनच तं ते बी संगं आणलं."

मावशी पुढे आली. "बाबू, मी एक एक तार जोडून देईन. गाठी दिसतीन, पण पुरं होईन तुह्या बापाचं."

मी म्हणालो, "त्याले हात लावाचा नाही, मावशी. माग ठेवा तुमी. पण ते कापड जसं आहे तसं राहीन." आणि त्याच्याकडे वळून म्हणालो, "अन् तू आजपासून माह्या कोणी नाही."

"बरं," तो म्हणाला. मग हाताचा गारा झटकत, "जेवला का तू?"

त्या दिवशी मी जे बोललो ते विणकराच्या पोटी जन्मलेल्या माणसाने बोलायला नको होतं. आमच्यात रीत आहे. माग कुणाकडूनही आलेला असो, त्याच्यासोबत आलेलं दुसऱ्याचं अर्धं कापड पडलेलं असताना आपला ताणा त्यावर चढवत नाहीत. आधी ते पुरं करायचं, घडी घालून मालकाच्या हाती द्यायचं, मगच आपलं. म्हणजे मी मावशीला माग ठेवा म्हणालो आणि त्याच तोंडाने तिचं विणणं बंद करून आलो. संध्याकाळी बायकोने मला हे समजावून सांगितलं. मला ते कळलं. तरी मी उठून गेलो नाही. राग धरायला माझ्याकडे चार वर्षांपासूनचं कारण होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

आमचा अबोला सुरू झाला. म्हणजे माझा सुरू झाला. त्याला तो पाळताच येत नव्हता. तो पूर्वीसारखाच यायचा, ओसरीवर बसायचा. मी पेपर तोंडासमोर धरायचो. "वहिनी, त्याले सांगा का धान चांगलं झालं या वर्षी." मी पेपरामागून म्हणायचो, "त्याले सांग, मले काही सांगाचं नाही." मग त्याला एखादी मजेची गोष्ट आठवायची आणि तो सरळ माझ्याशीच बोलू लागायचा, मध्येच थांबून जीभ चावायचा, आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून बायकोला सांगायचा. अशा माणसाशी अबोला धरणं म्हणजे भिंतीला डोकं आपटून भिंतीची चौकशी करणं. सुदैवाने माझी तुमसरला बदली झाली.

तिथे तो एकदाच आला. उन्हाळ्याची टळटळीत दुपार होती. पवनीहून दोन बस बदलून आला होता, अंगातला शर्ट घामाने चिकटलेला. मी दारातच होतो.

"एक गोष्ट सांगाची होती," तो म्हणाला.

मी बायकोला मोठ्याने म्हणालो, "त्याले विचार, काय आणलं?"

त्याने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, जणू तिथे काही असायला हवं होतं, आणि हसला. "आणत होतो, वहिनी. मधातच राहिलं."

नेहमीचंच, असं म्हणून मी आत निघून गेलो. बाहेर त्याने तांब्याभर पाणी प्यायल्याचं, मुलांची चौकशी केल्याचं आणि चप्पल घातल्याचं मला ऐकू आलं. मी बाहेर आलो नाही.

दोन वर्षांनी बदली होऊन मी परत पवनीला आलो. पहिल्याच बाजाराच्या दिवशी तो मला भाजीच्या ढिगांमध्ये दिसला. एका म्हाताऱ्याचा दंड धरून तो त्याला थेट माझ्याकडेच घेऊन आला. "हा लिहून देते ना अर्ज. याचं अक्षर पाहा तुमी."

"मी नाही लिहून देत," मी खेकसलो.

त्याचं तोंड एवढं मोठं झालं. "बोलला," त्याने म्हाताऱ्याला सांगितलं, मग भाजीवालीला सांगितलं, मग शेजारच्या मिरचीवाल्याला. दोन वर्षांचा अबोला मी चार शब्दांत घालवून बसलो होतो. अर्ज अर्थातच मी लिहिला.

त्यानंतर आमचं पूर्वीसारखं सुरू झालं. त्याने द्यायचं, मी चिडायचं. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "ते लुगडं..." मी म्हणालो, त्याचं नाव काढायचं नाही. त्याने मान डोलावली आणि बशीतला चहा संपवला. नदीकडच्या त्या गल्लीने मी कधी गेलो नाही. कापलेला ताणा तिथे कोपऱ्यात धूळ खात पडला असेल असं मी धरून चाललो होतो. आणि बाबांचं शेवटचं कापड याने बरबाद केलं, हे त्याच्यावरच्या माझ्या सगळ्या रागाखाली घट्ट बसून होतं. दोस्ती होती, पण त्या एका जागी नव्हती.

मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांची दुखणी आधी बघितली, स्वतःचं शेवटी. भंडाऱ्याच्या त्याच दवाखान्यात नेलं. या वेळी मी रजा काढली. पहिल्या दिवशी मी घरून जाड पांघरूण नेलं. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या अंगावर होतं आणि हा एका पातळ चादरीत कुडकुडत होता.

"थंडी वाजून राहिली ना?" मी म्हणालो.

"नाही गा. त्याले वाजते."

मी दुसरं पांघरूण आणलं आणि त्याची दोन टोकं पलंगाच्या दांडीला गाठ मारून बांधली. ते पाहून तो इतका हसला की नर्सबाई धावत आल्या. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला. मी पलंगाच्या त्याच बाजूला होतो जिथे तो बाबांच्या वेळी होता. हाक वगैरे काही मारली नाही त्याने. मी गाठी सोडायला गेलो, तर माझ्याच हाताने मारलेल्या त्या गाठी मला सुटेनात.

त्याच्या तेरवीला बारा गावची माणसं जमली. जो तो सांगत होता, असा देणारा पाहिला नाही. एकाच्या खांद्याला छत्री लटकत होती आणि तिच्या दांड्यावर मी खिळ्याने कोरलेलं माझं आद्याक्षर होतं. "ही बी त्यानंच देल्ली," तो डोळे पुसत म्हणाला. मी पत्रावळीकडे बघत जेवलो. मला सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, माझीही नोंद घ्या कुठेतरी. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि जिवंतपणी भांडून काही उपयोग झाला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात बपेऱ्याला जाणं झालं. तुमसरच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने तिथे नवं घर बांधलं होतं आणि वास्तूची पूजा होती. नवराबायको पाटावर बसले होते. पूजा म्हणून तिने कोशाचं लुगडं नेसलं होतं. ती पळी घ्यायला वाकली आणि तिचा काठ माझ्यासमोर आला.

एक दात नव्हता. थोडं पुढे आणखी एक नव्हता. मग लागोपाठ दोन.

बायकोने मला कोपराने ढोसलं. "काय पाहून राहिले? लोकाची बायको आहे ते."

"दात पाहा," मी म्हणालो. तिने पाहिलं आणि तिचा हात माझ्या मनगटावर आला तो पूजा संपेपर्यंत तिथेच राहिला.

नंतर बायकोनेच तिला बाजूला बोलावून विचारलं. मी मागे उभा होतो.

"माह्या लग्नातली आहे, काकू," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी आमी भंडाऱ्याहून कपडे घेऊन येत होतो. तुमसरच्या स्टँडवर उतरलो, अन् पेटी बसच्या टपावरच राहिली. बस गेली बालाघाटले. माह्ये बाबा तिथंच बसून रडाले लागले. आमच्या घरी लग्न कोशातच लागते. तिथं एक काका होते, ओळखीचे ना पाळखीचे. त्याईनं थैलीतून हे काढलं अन् बाबाच्या हातात देल्लं."

"नाव सांगतलं त्याईनं?" बायकोने विचारलं.

"नाही जी. एवढंच म्हणे का माह्या बापानं विणलं हे, मी संगं बसत होतो. हे दात पडले ते माह्या हातचे आहेत, त्याचं काही मनात आणू नको." तिने पदर हातावर पसरून दाखवला. पदराच्या टोकापासून हातभर अंतरावर बारीक गाठींची एक रेघ होती, या काठापासून त्या काठापर्यंत. हजारो गाठी असतील, एका एका धाग्याला एक. आणि गाठींच्या पुढच्या भागात पुन्हा दात पडलेले होते. मावशीने विणलं होतं, आणि तिसऱ्या धोट्याला हाच बसला होता. मी बजावून सांगितलं होतं, हात लावायचा नाही.

"अन् आणखी म्हणे," ती सांगत होती, "भावासाठी घेऊन चाललो होतो, पण त्याच्याजवळ दुसरी आहे."

दुसरी नव्हती. हे मी त्याला तीस वर्षं सांगत आलो होतो.

तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काहीतरी उमगलं असावं. पदर सावरत ती म्हणाली, "तुमचं होतं का हे, काका? मी लय जपून वापरलं. तुमचं असन तं मी आत्ता बदलून आणून देतो."

माझी आहे, माझ्या बापाची आहे, हे शब्द सहावीपासून माझ्या तोंडात तयार होते. बायको माझ्याकडे बघत होती.

"नाही, बाई," मी म्हणालो. "त्याच्याच बापानं विणलं हे. मी तवा कचेरीत होतो."